बोलेरोच्या मागून येणारा आवाज आणि तुमचा धंदा: ॲक्सल-पाट्याचं दुखणं कसं ओळखायचं, कसं निस्तरायचं



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण बोलेरोच्या खाली शिरलो होतो. कॅमेऱ्यासमोर काही गोष्टी भरभर निघून गेल्या, म्हणून त्या इथे नीट लिहून ठेवतो. मोबाईलमध्ये सेव्ह करा, गॅरेजला जाताना कामाला येईल.

"सर, धंद्याच्या चॅनलवर ॲक्सल कशाला?" असं काही जण विचारतील. कारण साधं आहे. घोडबंदर रोडवर माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, आणि नवीन धंदा सुरू करणारी बरीच मुलं काउंटरवर येतात. कोणी भाजीपाला आणतो, कोणी मंडप-केटरिंगचं सामान नेतो, कोणी ट्रेकच्या ग्रुपना माळशेजला घेऊन जातो. त्यांची पहिली मोठी खरेदी म्हणजे सेकंड हॅण्ड बोलेरो, पिकअप किंवा जुनी थार. साठवलेले पैसे आणि वर कर्ज, दोन्ही त्या गाडीत अडकलेले. गाडी गॅरेजमध्ये थांबते, पण हप्ता थांबत नाही.

तर आजचा मुद्दा एकच: मागच्या बाजूचा पार्ट सहसा आपोआप जात नाही, त्याला घालवणारं काहीतरी कारण असतं. नुसता पार्ट बदलला आणि कारण तसंच ठेवलं, तर तेच बिल पुन्हा भरावं लागतं. मेकॅनिक पार्ट बदलेल. कारण विचारणं हे मालकाचं काम.

आधी गाडीच्या मागे काय आहे ते समजून घ्या

बोलेरो २००० साली बाजारात आली, पण तिची मागची रचना त्याहून कितीतरी जुन्या जीपच्या घराण्यातली आहे. महिंद्राने १९४७ मध्ये आपल्याकडे विलीज जीप जोडायला सुरुवात केली. तेव्हापासून चालत आलेली पद्धत अशी: दोन्ही मागच्या चाकांना जोडणारं एक अखंड लोखंडी हौसिंग, आणि ते तोलून धरणारे कमान-पाटे. २०१० च्या थारलाही मागे पाटेच होते. २०२० ला आलेल्या नव्या थारमध्ये हौसिंग अखंडच राहिलं, पण पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आणि लिंक आल्या.

ही रचना मजबूत आहे आणि तालुक्याच्या गावातला मिस्त्रीसुद्धा ती उघडू शकतो. कोणाचं काय काम, ते लक्षात ठेवा:

- पाटे: वजन पेलतात आणि ॲक्सलला जागेवर धरून ठेवतात. दोन्ही कामं त्यांचीच.
- यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट: पाट्यांचा गठ्ठा हौसिंगला आवळून धरतात.
- शॉकअप: गाडीची उसळी मारतात. ते वजन पेलत नाहीत, हे दोनदा वाचा. "माल जास्त असतो, दादा, जाड शॉकअप द्या" असं म्हणणारं गिऱ्हाईक रोज येतं. शॉकअप बदलून गाडी जास्त वजन उचलत नाही.
- क्राऊन-पिनियन आणि डिफरन्शियल: इंजिनाची ताकद वळवून दोन्ही चाकांना वाटून देतात.
- ॲक्सल शाफ्ट, बेअरिंग, ऑइल सील: चाक फिरवतात आणि तेल आत ठेवतात.

शाफ्टबद्दल एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. ट्रकमध्ये बहुतेक वेळा चाकाचा भार हौसिंगवरच्या हबवर असतो, शाफ्ट फक्त फिरवायचं काम करतो. याला फुल-फ्लोटिंग म्हणतात. जीप-एसयूव्हीच्या बऱ्याच ॲक्सलमध्ये मात्र चाक शाफ्टवरच बसलेलं असतं. ते सेमी-फ्लोटिंग. इथे शाफ्ट तुटला किंवा बेअरिंगची पकड सुटली तर चाक शाफ्टसकट बाहेर येऊ शकतं. आपल्या गाडीला कोणतं ॲक्सल आहे ते मेकॅनिकला विचारून ठेवा. सेमी-फ्लोटिंग असेल तर बेअरिंगच्या आवाजाला "बघू नंतर" म्हणायचं नाही.

घोडबंदर रोडच गाडीची परीक्षा का घेतो?

माजिवड्यापासून गायमुखपर्यंत एकदा लोडेड पिकअप चालवून बघा. सर्व्हिस रोडवरून मुख्य रस्त्याला चढताना पायरी. मेट्रोच्या कामाने अरुंद झालेली वाट. पावसात पाण्याखाली लपलेले खड्डे. त्यात जेएनपीटीहून गुजरातकडे जाणारे कंटेनर, त्यामुळे थांबा-निघा, थांबा-निघा. पुढे गायमुखचा घाट. प्रत्येक वेळी क्लच सोडताना हौसिंग किंचित पिळलं जातं, प्रत्येक खड्ड्यात पाटा वाकतो, प्रत्येक डबक्यात सीलला पाणी लागतं.

रस्ता आपल्या हातात नाही. माल कुठे ठेवायचा ते मात्र आहे. एक हिशोब बघा. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३ मीटर आहे. तुम्ही ३०० किलो माल मागच्या ॲक्सलच्याही १ मीटर मागे, अगदी फाळक्याजवळ रचला. मागच्या ॲक्सलवर किती वजन आलं? ३०० नाही, ४०० किलो. वरचे १०० किलो पुढच्या चाकांवरून उचलले गेले. म्हणून स्टिअरिंग हलकं लागतं आणि ब्रेक मारताना गाडी विचित्र वागते. तोच माल केबिनच्या भिंतीला टेकवून रचला तर एक रुपयाही खर्च न करता पाट्यांचं आयुष्य वाढतं.

"मग एक जादा पाटा टाकून घेऊ ना!" हा दुसरा नेहमीचा उपाय. पाटा वाढवला की गाडी मागून खाली बसलेली दिसत नाही, म्हणून वाटतं प्रश्न सुटला. पण ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि टायर पूर्वीचेच राहिले. आरसी बुकात लिहिलेलं एकूण वजनही तेच राहिलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. थार उंच करणाऱ्यांनी कलम ५२ सुद्धा वाचावं. आरसीवरच्या तपशिलाशी आणि कंपनीच्या मापाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. अपघात झाला तर विम्याच्या क्लेमला तिथेच खोडा बसू शकतो.

आवाज आणि लक्षणं: कोण काय सांगतंय?

१. वेगाबरोबर वाढणारी घुंई-घुंई. ॲक्सलरेटर दाबल्यावर एक आवाज आणि सोडल्यावर वेगळा येत असेल, तर संशय क्राऊन-पिनियनवर. ॲक्सलरेटरने फरक पडत नाही, पण वळणावर आवाज बदलतो? मग चाकाचं बेअरिंग. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा आवाज वाढला तर आधी उजवं बेअरिंग बघायचं. टायर उंचसखल झिजला असेल तरी असाच आवाज येतो, म्हणून बेअरिंग उघडण्याआधी टायर पुढे-मागे अदलाबदल करून बघा. आवाज टायरबरोबर जागा बदलत असेल तर बेअरिंगचा खर्च वाचला.

२. क्लच सोडताना किंवा पुढचा-रिव्हर्स गिअर बदलताना "खट्". बहुतेक वेळा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस ढिला असतो. पण यू-बोल्ट ढिले असतील तरी असंच वाजतं. ते आधी बघा, तपासायला काही पैसे लागत नाहीत.

३. चाकाच्या आतल्या बाजूला ओलं. बोट लावा. घट्ट आणि उग्र गंधकासारखा वास असेल तर ॲक्सलचं तेल. पातळ असेल तर ब्रेक ऑइल. ॲक्सलचं तेल ब्रेक ड्रममध्ये उतरलं की त्या चाकाचा ब्रेक लागत नाही, गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते. तेलाने भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवू देऊ नका. ते बदलायचेच.

४. गाडी सरळ जाते, पण मागून बघणाऱ्याला तिरकी दिसते. सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल एका बाजूला सरकलं आहे. गाडी तिथेच उभी करायची.

५. एका कुशीवर कललेली गाडी. पाटा तुटलाय किंवा बसलाय. तुटलेला पाटा वेल्डिंग करून चालत नाही. पाट्याचं पोलाद उष्णतेची प्रक्रिया करून लवचिक बनवलेलं असतं, वेल्डिंगच्या कडेला ते ठिसूळ होतं आणि पुढच्या खड्ड्यात तिथेच तुटतं.

६. खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा झुलते. शॉकअप संपले. बाहेरून तेल गळल्याचा डागही दिसेल. दोन्ही बाजूंचे एकत्र बदला.

सील परत-परत का फुटतं? ब्रीदर बघा!

व्हिडिओखाली सर्वात जास्त प्रश्न यावरच आले, म्हणून इथे जरा थांबू.

हौसिंगच्या वरच्या बाजूला एक छोटी जाळी किंवा नळी असते. तो ब्रीदर, म्हणजे ॲक्सलचं नाक. गाडी चालली की आतलं तेल तापतं, हवा फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. चिखलाने हे नाक बुजलं तर फुगलेली हवा जाणार कुठे? ती सीलवर दाब देते आणि तेल बाहेर ढकलते. तुम्ही नवीन सील टाकता, महिन्याभरात तेही गळतं, आणि शिव्या खातो सील विकणारा दुकानदार!

याची दुसरी बाजू पावसाळ्यातली. लांबून आलेली तापलेली गाडी तुंबलेल्या पाण्यात शिरली की हौसिंग झटकन थंड होतं, आतली हवा आक्रसते आणि बाहेरचं खेचून घेते. बाहेर काय आहे? पाणी. ते झिजलेल्या सीलमधून किंवा ब्रीदरमधूनच आत जातं. तेल दुधाळ चहासारखं दिसायला लागतं. असं तेल बेअरिंग आणि गिअरला वाचवू शकत नाही, आतून गंज चढतो. म्हणून चाकाच्या मध्यापर्यंत पाण्यातून गाडी काढली असेल, तर त्या आठवड्यात ॲक्सलचं तेल बघायचंच. दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदला. डबा घेताना मॅन्युअलमध्ये लिहिलेला ग्रेडच मागा. गाडीला मागे लॉकिंग डिफरन्शियल असेल तर कंपनीने काय सांगितलंय ते आवर्जून तपासा.

तेल काढताना ड्रेन प्लग हातात घेऊन बघा. चुंबकावर राखाडी, मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज. टोचणारे कण किंवा चकत्या निघाल्या तर गिअर किंवा बेअरिंग आतून सोलतंय. तेव्हा नुसतं तेल भरून गाडी रस्त्यावर काढू नका.

महिन्यातून एकदा, वीस मिनिटं

सपाट जागा, रिकामी गाडी, टायरमध्ये योग्य हवा.

१. मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा आणि वहीत लिहा. दर महिन्याचे आकडे एकाखाली एक आले की कोणता पाटा बसतोय ते वहीच सांगते.

२. पाट्यांवर बॅटरी मारा. तडा गेला असेल तर गंजाची ताजी रेघ दिसते. यू-बोल्टच्या नटाभोवती तांबडी पूड दिसली तर तिथे काहीतरी हलतंय.

३. शॅकल आणि बुशमध्ये लोखंडी सळई घालून हलवा. रबर चिरलेलं असेल तर खेळ लगेच कळतो.

४. ब्रीदर साफ करा.

५. पुढच्या चाकांना दगड नव्हे, नीट ओट लावा. मग मागचं एक चाक उचला, गाडी स्टँडवर टेकवा, हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रल. चाक वर-खाली हलवून बघा, मग हाताने फिरवून कान द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, अगदी एक मिनिटसुद्धा नाही.

६. प्रोपेलर शाफ्ट हाताने पिळून क्रॉसचा खेळ बघा.

हे सगळं तुम्हीच करा असं नाही. ड्रायव्हर करेल. वही मात्र मालकाने बघायची.

गॅरेजमध्ये विचारायचे पाच प्रश्न

१. काय गेलंय आणि का गेलंय? उत्तर नुसतं "जुनं झालं, शेठ" असेल तर आणखी विचारा. ओव्हरलोड, पाणी, ढिला नट, यातलं काय?

२. हे उघडल्यावर आणखी काय बदलावं लागतं? बेअरिंग काढलं की सील नवीनच टाकायचं. पाटे उघडले की यू-बोल्ट नवीन. मजुरी एकदाच लागते, पार्ट वाचवून ती दोनदा देऊ नका.

३. बुशचे बोल्ट कधी आवळणार? गाडी जॅकवर लटकत असताना पूर्ण आवळले, तर चाकं जमिनीवर टेकताच रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. गाडी स्वतःच्या वजनावर उभी राहिल्यावर शेवटचा आवळा द्यायचा. नव्या थारच्या लिंक-बुशलाही हेच लागू. एवढ्या एका वाक्यावरून मेकॅनिक तुम्हाला जाणकार समजायला लागतो.

४. यू-बोल्ट परत कधी आवळून देणार? नवीन पाटे बसले की गठ्ठा दबतो आणि बोल्ट सैल पडतात. साधारण ५०० ते १,००० किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या. हे राहिलं की सेंटर बोल्टवर भार येतो, आणि वर चौथ्या नंबरला लिहिलेली तिरकी गाडी तुमचीच असते.

५. जुना पार्ट आणि पक्कं बिल मिळेल ना? जुना पार्ट हातात घेऊन बघा. बिल असेल तरच वॉरंटी मागता येते, आणि गाडी विकताना तीच फाईल भाव राखते.

आता पैशांचा हिशोब

समजा तुमची पिकअप डिझेल, ड्रायव्हर वजा जाता दिवसाला १,२०० रुपये सुटे ठेवते. सील गळतंय हे वेळेत पकडलं तर अर्ध्या दिवसाचं काम. नाही पकडलं, तेल संपलं, बेअरिंग आणि क्राऊन-पिनियन जळलं, तर पार्ट मिळून गाडी बाहेर यायला ४ दिवस सहज जातात. म्हणजे ४,८०० रुपयांची कमाई गेली. त्यात टोइंग, दुसऱ्या गाडीचं भाडं आणि मोठं बिल मिळवा. आणि ज्या केटररचं सामान लग्नाच्या हॉलवर वेळेत पोचलं नाही तो पुढच्या वेळी तुम्हाला फोन करेल का? त्याचा आकडा कोणत्याच बिलावर येत नाही.

म्हणून सवय लावा: दर किलोमीटरला २ रुपये बाजूला. रोज ८० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे २,००० किलोमीटर आणि ४,००० रुपये. वेगळं खातं उघडा. हा पैसा नफा नाही. तो गाडीने तुमच्याकडे ठेवायला दिलेला आहे, तिच्या दुखण्याला तो तिला परत द्यायचा.

सेकंड हॅण्ड घेताना

खालून ताजा काळा रंग मारलेला असेल तर खूश होऊ नका. गळती लपवायला तो मारतात. पाटे मोजा आणि त्या मॉडेलच्या मूळ सेटशी ताडून बघा. जास्त असतील तर गाडीने काय ओढलंय ते कळलं. पहाटे रस्ता मोकळा असताना काचा बंद, गाणी बंद ठेवून चालवा. ४० ते ६० च्या वेगात ॲक्सलरेटर दाबा, सोडा, दोन्हीकडे वळवून बघा. मग थांबून पुढे-मागे गिअर बदला. विकणारा "एवढा आवाज सगळ्याच बोलेरोला येतो" म्हणाला, तर तशीच दुसरी बोलेरो चालवून बघा आणि मगच टोकन द्या.

थांबायचं कधी? ही यादी ड्रायव्हरच्या समोर चिकटवा

- आत्ताच थांबा: गाडी तिरकी, चाक डगमगतंय, मुख्य पाटा तुटला, ब्रेक एका बाजूला ओढतोय आणि चाक ओलं आहे, मागून खरखर आणि चाकाजवळ हात धरवत नाही इतकी उष्णता.
- दोन-तीन दिवसांत: नवीन घुंई आवाज, सीलची सुरुवातीची गळती, दुधाळ तेल (बदलेपर्यंत लोड बंद), क्रॉसचा खेळ.
- पुढच्या सर्व्हिसला: बुशची चूं-चूं, शॉकअपचा हलका ओलावा, उंचीतला थोडा फरक.

पहिल्या गटातलं काही दिसलं आणि ऑर्डर अर्जंट असेल, तरी गाडी घाटात घालू नका. गायमुखच्या उतारावर लोडेड पिकअपचं चाक सुटलं तर ते आधी शेजारच्या स्कूटरवाल्यावर जातं. दुसरी गाडी भाड्याने घ्या, त्या दिवशी नफा नको. उद्या धंदा करायला तुम्ही आणि तोही हवा.

या आठवड्याचा गृहपाठ: मागच्या दोन्ही चाकांची उंची मोजायची, ब्रीदर कुठे आहे ते शोधायचं आणि प्रति किलोमीटर २ रुपयांचं खातं सुरू करायचं. गाडी अजून घेतली नसेल, तर ओळखीच्या एखाद्या पिकअपवाल्या दादांना चहा पाजा आणि त्यांच्या गाडीखाली डोकावून बघा. जे शिकाल ते घासाघीस करताना कामी येईल.

पुढच्या व्हिडिओत बघू: गाडी स्वतःची घ्यावी की भाड्याने चालवावी, सगळा हिशोब कागदावर मांडून. भेटू!